उलटा गुंडाळलेला दोर

नाथाने किल्ली फिरवली. टेम्पो गप्प. त्याने पुन्हा फिरवली, मग तिसऱ्यांदा दात-ओठ खाऊन फिरवली. साधं खुट्ट झालं नाही. तो खाली उतरला, पायरीजवळच्या लोखंडी पेटीवरची दोराची गुंडाळी बाजूला सारून पेटी उघडली आणि तिथेच उकिडवा बसला. पेटीत दोन तुटक्या वायरी लोंबत होत्या आणि खाली आम्लाने खाल्लेला पत्रा दिसत होता.

“नेली!” तो ओरडला. “बॅटरी नेली रं माजी!”

नाक्यावर पाट्या घेऊन उभ्या असलेल्या कोळणी धावत आल्या. उजाडायच्या आत मुंबईला धक्क्यावर पोचायचं, मासळी उचलायची आणि दहाच्या आत ठाण्याच्या बाजारात बसायचं, असा त्यांचा रोजचा शिरस्ता. चेंदणी कोळीवाड्यातल्या निम्म्या बायकांचा धंदा नाथाच्या त्या जुन्या टेम्पोवर चालायचा. एके काळी त्यांच्या नवऱ्यांना धक्क्यावर जायची गरज नव्हती, मासळी दारातल्या खाडीत मिळायची. मग कारखान्यांनी खाडीत काय काय सोडलं ते त्यांनाच ठाऊक. खाडीतून निवट्या आणि कोळंबी गेली, तसे नाथाने होडी विकून टेम्पो घेतला होता.

“ढकलून चालू कर,” कोणी तरी म्हणालं.

“ह्यांना ढकलायला लावाल तर बघा!” नाथाची बायको शेवंती गर्दीतून पुढे आली. “टाके घालून महिना झाला नाय अजून. आणि बिनदिव्याची गाडी काळोखात हाकतील कशी?”

नाथाचं अंतर्गळाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली होती, पण ओझं म्हणून उचलायचं नाही असं बजावलं होतं. त्यामुळे पोटाशी हात धरून तो नुसता उभा राहिला. शेवंतीने बाकीच्या बायकांना गोळा केलं आणि दुसरी काही सोय होते का ते बघायला ती त्यांना घेऊन निघून गेली. धंदा थांबवून रडत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

नाथाची बॅटरी जाण्याची ही काही पहिली वेळ नव्हती, आणि चीड येते ती इथेच. कोळीवाड्याची गल्ली अरुंद, टेम्पो आत शिरत नाही. तो लावायचा बाहेरच्या रस्त्यावर, ‘सागरदर्शन’ नावाच्या नव्या इमारतीच्या भिंतीला लागून. जिथे ती इमारत उभी आहे तिथे पूर्वी कोळीवाड्याचं खळं होतं. नाथाच्या आईने तिथे जन्मभर जवळा वाळवला. आता त्या जागेवर गाड्या सावलीत उभ्या राहतात आणि नाथाच्या टेम्पोने भिंतीला टेकायचं म्हटलं तरी वास येतो म्हणून तक्रार होते. इमारतीतून सागर कुणाला दिसतो, हे विचारायची सोय नाही.

पहिली बॅटरी गेली तेव्हा नाथाने पेटीला कुलूप लावलं. चोरांनी बॅटरी नेली आणि कुलूपही नेलं. मग त्याने साखळी आणली, ती कापली गेली. मग पेटीचं झाकण वेल्डिंग करून घेतलं, तर चोरांनी पत्राच पहारीने वाकवला. चौकीवर प्रत्येक वेळी तेच उत्तर मिळालं. “रस्त्यावर गाडी लावली तर चोर नेणारच. तुम्ही काळजी घ्यायला नको?” म्हणजे चोराने चोरी करावी, पोलिसाने चहा प्यावा आणि काळजी तेवढी नाथाने घ्यावी!

शेवटी शेवंतीने तोडगा काढला. “रोज संध्याकाळी बॅटरी घरी न्यायची,” ती म्हणाली. “मी नेते. मासळीच्या पाटीहून जड हाय का ती?”

तेव्हापासून रोज संध्याकाळी चेंदणीत एक दृश्य दिसू लागलं. नाथा वायरी सोडायचा. शेवंती जुन्या पाटीत गोणपाट पसरून बॅटरी त्यात ठेवायला लावायची आणि ती पाटी डोक्यावर घेऊन ताठ मानेने गल्लीत शिरायची. आम्लाच्या थेंबांनी तिच्या दोन लुगड्यांची चाळण झाली. पोरं हसायची, ती हसणाऱ्याला शिव्या द्यायची आणि पुढे जायची.

डोईवर ओझं वाहणाऱ्या बाईला ओझ्याचं काही वाटत नाही. पण ते जमिनीवरून डोक्यापर्यंत चढवायला दुसरा माणूस लागतो. नाथाला उचलायची बंदी. तेव्हा हात लावायला कोण यायचं? सागरदर्शनचा वॉचमन, धोंडीबा. हा साताऱ्याकडचा, जावळीच्या डोंगरातला. शेवंतीने “अवो भाऊ, जरा हात लावा,” म्हणून हाक मारली की तो स्टुलावरून उठायचा, टोपी मागे सारायचा आणि बॅटरी पाटीत ठेवून पाटी तिच्या डोक्यावर द्यायचा. सकाळी पुन्हा उतरवायलाही तोच. त्याबद्दल त्याने कधी काही मागितलं नाही. शेवंती अधूनमधून बोंबलाचं कालवण पाठवायची, ते तो आवडीने खायचा. डोंगरातल्या माणसाला काटा काढता येत नसे, म्हणून मुद्दाम बोंबील.

आदल्या संध्याकाळी मात्र शेवंतीने हाक मारली आणि धोंडीबा उठला नाही. तिने पुन्हा हाक मारली. तो मान खाली घालून स्टुलावर बसून राहिला. कोळीवाड्यात एका घरी हळद होती, बँड वाजत होता, सगळे तिकडेच. हात लावायला दुसरं कुणी सापडेना. नाथाने टेम्पोतून होडीचा जुना दोर काढला. पेटीला चहूबाजूंनी आवळून त्याने तो चासीला बांधला, वडिलांकडून शिकलेली गाठ मारली.

“आजच्या दिवस ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “आपला दोर, आपली गाठ. ती सोडवायची कुनाला येते?”

आणि सकाळी पेटी रिकामी.

उजाडेपर्यंत गर्दीत दहा तोंडं झाली होती आणि प्रत्येक तोंडाला मत होतं. नाथाचं डोकं आधीच तापलेलं. त्याची नजर गेटपाशी उभ्या असलेल्या धोंडीबावर गेली आणि त्याच्या डोक्यात एकदम सगळं जुळलं. रोज हात लावणारा माणूस नेमका कालच का उठला नाही? बॅटरी गाडीतच राहावी म्हणून!

“ह्यानंच!” नाथा ओरडला. “कुंपनानंच शेत खाल्ला! काल हा उठला नाय तवाच मना कलायला पायजे होता!”

“न्हाई वो, नाथाभाऊ,” धोंडीबा म्हणाला. “आईच्यान सांगतो, म्या न्हाई.”

“मंग काल उठलास का नाय? बोल ना!”

धोंडीबाने वर इमारतीकडे पाहिलं. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत सोसायटीचे चेअरमन खांबेटे दात घासत उभे होते. धोंडीबा काही बोलला नाही. माणूस बोलला नाही की लोक त्याला गुन्हेगार समजतात, आणि बोलला तर उर्मट. गरिबाला तिसरा मार्ग ठेवलेला नाही.

गर्दीने त्याला चौकीवर नेलं. इतके दिवस नाथाच्या तक्रारीकडे ढुंकून न पाहणारा हवालदार त्या दिवशी चटकन उठला. चोर शोधायला लागला नाही, आयताच दारात आणून दिला होता ना! त्याने नाव-गाव विचारण्याआधी धोंडीबाच्या मुस्कटात दोन मारल्या. नाथाने ते पाहिलं. दुसऱ्या थपडेला त्याने नजर वळवली, पण तोंड उघडलं नाही.

आणि खांबेटे? त्यांनी चहा संपायच्या आत चौकीदार पुरवणाऱ्या कंत्राटदाराला फोन करून दुसरा माणूस मागवला. “सोसायटीच्या नावाला बट्टा नको,” ते म्हणाले.

शेवंती दुपारी बाजारातून परत आली. नाथा टेम्पोच्या पायरीवर बसला होता. त्याने तिला सगळं सांगितलं, धोंडीबाला मारलं तेही सांगितलं. ती ऐकत ऐकत केबिनमध्ये डोकावली आणि सीटवर पडलेला दोर तिने हातात घेतला.

“यो हितं कोनी ठेवला?”

“पेटीवर होता. मीच आत टाकला.”

“असाच होता? गुंडालून?”

“हो. असाच.”

शेवंतीने तो दोर नाथाच्या मांडीवर ठेवला. नाथाने खाली पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

कोळ्यांच्या बंदरात होड्या एकमेकींना खेटून बांधलेल्या असतात. आपली होडी काढायची तर शेजाऱ्याचा दोर कधी कधी सोडावाच लागतो. त्याची रीत ठरलेली आहे. दुसऱ्याचा दोर कापायचा नाही. गाठ सोडायची, दोर नीट गुंडाळायचा आणि ज्याचा आहे त्याच्या वस्तूवर ठेवायचा. लहानपणापासून हाताला तसं वळणच लागतं. सकाळी त्या पेटीभोवती अर्धा कोळीवाडा उभा होता. पेटीपाशी छान गुंडाळलेला दोर सगळ्यांनी पाहिला, आणि एकालाही त्यात काही वेगळं वाटलं नाही. दोर असा ठेवलेलाच त्यांनी जन्मभर पाहिलेला! जावळीच्या डोंगरातला माणूस ती गाठ सोडायच्या भानगडीत पडलाच नसता. त्याने सरळ सुरी लावली असती.

“आपल्यातलाच कोनी तरी,” नाथा हळूच म्हणाला.

“कोनी तरी नाय,” शेवंती म्हणाली. “नीट बघा. उलटा गुंडाललाय.”

दोराचे वेढे उजवीकडून डावीकडे गेले होते. तसा दोर गुंडाळणारा डावखुरा माणूस कोळीवाड्यात एकच होता. दामाजी नाखवा.

दामाजी म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हता. नारळी पौर्णिमेला खाडीत सोडायचा मानाचा नारळ कोळीवाडा त्याच्या हातात द्यायचा. नाथाचा बाप वारला तेव्हा याच दामाजीने पोरक्या नाथाला आपल्या होडीवर घेतलं होतं. दोर धरायला, गाठ मारायला त्याने शिकवलं. वडिलांची गाठ पुरी शिकायच्या आत वडील गेले, ती नाथाच्या हातात पक्की केली दामाजीनेच.

दोघं त्याच्या घरी गेली तेव्हा म्हातारा ओट्यावर बसून जाळं विणत होता. ते जाळं कधी पाण्यात पडणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. शेवंतीने दोर त्याच्यासमोर ठेवला.

दामाजीने दोराकडे पाहिलं, मग आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

“कापला असता तर कलला नसता तुमाला,” तो म्हणाला.

“मंग कापला का नाय, नाखवा?” नाथाने विचारलं.

“दुसऱ्याचा दोर कापू? मी कोली हाय, नाथा.”

तेव्हा मात्र शेवंतीचा संयम सुटला. सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “दोर कापायची लाज वाटली, आणि बॅटरी नेताना नाय वाटली? ह्या मानसाच्या पोटाला टाके हायत, हे ठावूक नव्हता? किती बायकांच्या चुली त्या गारीवर हायत, हे ठावूक नव्हता?”

“माज्या होरीचा इंजिन नेला बंदरातून,” दामाजी म्हणाला. “चौकीवर चपला झिजवल्या. कोनी शोधला? कोनी परत दिला? होरी पालथी परलीय दोन वर्सं. भंगारवाला बोलला, बॅटरी आन, पैसं देतो. आनली.”

“तुमचा चोरला म्हनून तुमी आमचा चोरायचा?”

दामाजीने जाळ्याची सुई पुन्हा हातात घेतली. त्याचा राग खरा होता, त्याचं नुकसान खरं होतं. पण वड्याचं तेल वांग्यावर काढायचं, तर निदान स्वतःच्या हाताने वाढवलेल्या पोराच्या पानावरचं तरी वांगं सोडायचं!

“नाथा,” म्हातारा म्हणाला, “पुनव येईल. मना नारल हातात घ्यायचाय. हे आपल्यातला आपल्यात ऱ्हाऊ दे.”

नाथा खाली बघत पुटपुटला, “आपल्यातला आपल्यातच मिटवू, गो. मानूस म्हातारा हाय.”

“आणि त्यो धोंडीबा?” शेवंती गरकन वळली. “त्यो कुनातला? रोज सांजचा माज्या डोक्यावर पाटी देत होता त्यो. तुमी मारलेली गाठ आणि ह्यांनी सोडलेला दोर, आणि मार खाल्ला त्यानं. हा मिटला म्हनायचा?”

तिने दोर उचलला. “चला, नाखवा. चौकीवर चला.”

दामाजी उठला नाही. नाथाही ओट्याच्या पायरीवरून हलला नाही. शेवंती एकटीच गेली.

चौकीत हवालदाराच्या टेबलावर तिने दोर ठेवला आणि सगळं सांगितलं. चोर कोळीवाड्यातला आहे, नाव दामाजी, दोर त्याच्या हाताचा, त्याने स्वतः कबूल केलं. हवालदार कंटाळून ऐकत होता.

“सकाळी नवरा एक सांगतो, दुपारी बायको दुसरं सांगते,” तो म्हणाला. “बाई, दोरावरून कधी चोर पकडतात का? आणि म्हाताऱ्याला आणून इथं काय करू? उद्या तुमचाच मोर्चा येईल. वॉचमनवरची तक्रार मागे घेताय ना? मग विषय संपला.”

“तक्रार मागं घेतली तर चोर सुटतो.”

“आणि नाही घेतली तर वॉचमन अडकतो. बोला.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण नुसतं म्हणतो. शेवंतीला ते टेबलापलीकडून निवडायला सांगितलं जात होतं. तिने तक्रार मागे घेतली. सगळ्यांची सोय झाली. चौकीचं काम कमी झालं, कोळीवाड्याची अब्रू राहिली, सागरदर्शनला नवा वॉचमन मिळाला. फक्त धोंडीबाचा गाल सुजलेला होता आणि त्याला नोकरी नव्हती.

चौकीतून सुटलेला धोंडीबा आणि शेवंती चालत परत आली. गेटपाशी त्याची पत्र्याची ट्रंक बाहेर काढून ठेवलेली होती. शेवंती थेट खांबेट्यांसमोर जाऊन उभी राहिली.

“ह्यानं चोरी केली नाय. चौकीवर सांगून आले मी. ह्याला परत ठेवा.”

“आम्हालाही वाईटच वाटतं हो,” खांबेटे अतिशय सभ्यपणे म्हणाले. “पण चौकीची पायरी चढलेला माणूस गेटवर कसा ठेवायचा? शिवाय याला आम्ही परवाच समज दिली होती की सोसायटीच्या वॉचमनने बाहेरच्यांची हमाली करायची नाही. मासळीची भांडी काय, बॅटऱ्या काय. शेवटी शिस्त म्हणून काही असतं.”

शेवंतीने धोंडीबाकडे पाहिलं.

“म्हनून काल उठला नाय?”

“व्हय बाई.” त्याने ट्रंक खांद्यावर घेतली. “सायबानं मनाई केली व्हती. पर तुमास्नी तसं सांगाया पायजे व्हतं म्या. तुमी दोनदा हाक मारली.”

मार खाऊन आलेला माणूस हाकेला ओ दिली नाही म्हणून हळहळत होता! शेवंतीला एवढ्या दिवसांत पहिल्यांदा रडू कोसळलं. ती म्हणाली, “घरी चला. जेवून तरी जावा.” त्याने मान हलवली. टिटवाळ्याला चुलतभाऊ होता, तिकडे नव्या इमारती होत होत्या, तिथे राखणीचं काम मिळेल म्हणाला. नाथा टेम्पोच्या आडून पुढे आला आणि त्याने हात जोडले. धोंडीबाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो स्टेशनच्या दिशेने चालू लागला.

काही दिवसांनी नाथाने कशीबशी दुसरी बॅटरी मिळवली. टेम्पो सुरू झाला, बायका धक्क्यावर जाऊ लागल्या. दामाजीबद्दल कोळीवाड्यात उघड कुणी बोललं नाही, पण गोष्ट सगळ्यांना कळली होती. कोळीवाडा अशा वेळी बोलत नाही, फक्त ओट्यासमोरून जाताना रामराम घालायचा थांबतो.

पहिल्याच संध्याकाळी नाथाने वायरी सोडल्या. शेवंतीने पाटीत गोणपाट पसरलं आणि पदर खोचून ती उभी राहिली. सवयीने ती गेटकडे वळली. “अवो भाऊ, जरा...” आणि थांबली. स्टुलावर नवा वॉचमन होता. त्याने आधी दुसऱ्या मजल्याकडे पाहिलं, मग दुसरीकडे.

नाथा वाकला.

“खबरदार,” ती म्हणाली. “टाके जातील.”

समोरच्या बाजूने कुणी तरी रस्ता ओलांडून येत होतं. दामाजी होता. तो बॅटरीच्या पलीकडे येऊन उभा राहिला, वाकला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले.

“लाव गो डोका खाली,” तो हळूच म्हणाला. “मी देतो.”

शेवंतीने त्याच्या हातांकडे पाहिलं. डोक्यावरची चुंबळ तिने काढली आणि ती बॅटरीशेजारी रस्त्यावर मांडी घालून बसली. हात लावणारं दुसरं कुणी येईपर्यंत ती उठणार नव्हती.

दामाजी थोडा वेळ तसाच हात पुढे करून उभा राहिला. मग त्याने ते खाली घेतले.